क्षमा आधी की शुद्धी आधी?

बऱ्हाणपूर परिसरातील धर्मशिक्षकांच्या एका मासिक सभेत काही काळापूर्वी एक प्रश्न उपस्थित झाला. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या एका वस्तीतील मनुष्य शिक्षा भोगून तुरुंगातून परतला होता. शेताच्या बांधावरून झालेल्या भांडणात त्याने शेजाऱ्यास जबर जखमी केले होते. परतल्यावर तो रविवारच्या उपासनेस येऊ लागला व अगदी मागे, दाराजवळ बसू लागला. वस्तीतील काही कुटुंबांनी धर्मशिक्षकास स्पष्ट बजावले, की या मनुष्याने आधी दोन-चार वर्षे नीट वागून दाखवावे. मग आम्ही त्यास आमच्या पंगतीस घेऊ. धर्मशिक्षकाने सभेत विचारले, "फादर, आम्ही काय सांगावे? त्यास जवळ केले तर आमची मुले म्हणतील, गुन्हा केला तरी चालते. दूर ठेवले तर आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात जे शिकवतो तेच खोटे ठरते."

त्या सभेत समाधानकारक उत्तर देणे आम्हांस साधले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे सावकाश दिलेले उत्तर होय. ख्रिस्ती क्षमा आणि शुद्ध आचरण यांचा परस्परसंबंध काय, व त्यांत आधी कोणते येते, याचा विचार येथे करावयाचा आहे. आमच्या मते शुभवर्तमानाचा क्रम असा आहे: क्षमा आधी येते आणि शुद्ध जीवन तिच्यातून उगवते. हा क्रम आपण उलटा केला की क्षमा हे सद्वर्तनाचे बक्षीस बनते, आणि ज्यांना तिची सर्वाधिक गरज आहे त्यांनाच ती कधी मिळत नाही. परंतु हा क्रम नीट न समजता सांगितला तर त्यातूनही मोठे अनर्थ होतात. तेव्हा दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत.

१. शब्दांचा विचार

'क्षमा' हा शब्द संस्कृत 'क्षम्' या धातूपासून आला आहे. या धातूत सहन करणे व समर्थ असणे हे दोन्ही अर्थ आहेत. 'सक्षम' हा शब्दही त्याच कुळातला. म्हणजे आपल्या भाषेच्या दृष्टीने क्षमा हे दुबळ्याचे लक्षण नसून समर्थाचे आहे. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीच्या गुणांत क्षमेची गणना केली आहे. आपले जैन शेजारी पर्युषणाच्या अखेरीस घरोघर जाऊन वर्षभरातील अपराधांची क्षमा मागतात. आपण ज्या लोकांत राहतो त्यांस क्षमा ही अपरिचित गोष्ट नाही, हे धर्मशिक्षकांनी ध्यानात ठेवावे व तेथूनच आरंभ करावा.

नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द मात्र आणखी एक अर्थ घेऊन येतो. 'आफीएमी' या क्रियापदाचा मूळ अर्थ 'सोडून देणे' असा आहे. शिष्यांनी जाळी सोडली तेथे हेच क्रियापद आहे (मार्क १:१८), आणि पापांची क्षमा सांगतानाही हेच. त्यापासून झालेले 'आफेसिस' हे नाम नासरेथच्या सभास्थानातील प्रभूच्या घोषणेत बंदिवानांच्या सुटकेसाठी योजिले आहे (लूक ४:१८). क्षमा व तुरुंगातून सुटका यांना शुभवर्तमानात एकच शब्द आहे. प्रभूच्या अरामी बोलीतील 'होबा' हा शब्द तर ऋण व अपराध या दोहोंसाठी वापरला जाई. म्हणूनच प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत मत्तय ऋणाची भाषा वापरतो (६:१२) आणि लूक पाप व ऋणी या दोन्ही शब्दांची जोडी लावतो (११:४).

ऋणाची भाषा आपल्या भागातील लोकांना समजावून सांगावी लागत नाही. कापूस व केळी पिकवणाऱ्या, किंवा यंत्रमागावर रोजंदारी करणाऱ्या कुटुंबास कर्ज म्हणजे काय, वहीत नाव असणे म्हणजे काय, हे पुरते ठाऊक असते. ज्याचे नाव वहीत आहे तो मनुष्य त्या वाटेने जाणे टाळतो, सणाला त्या घरी जात नाही, पोराला त्या दुकानी पाठवत नाही. पापाचेही असेच आहे. अपराधी मनुष्य सर्वांत आधी समोर येण्याचे टाळतो. एदेन बागेत आदामाने लपून बसणे हेच केले (उत्पत्ती ३:८), आणि आमच्या सभेत चर्चिलेला मनुष्य दाराजवळ बसत होता तेही याच कारणाने.

२. दोन ऋणांचा हिशेब

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील निर्दय सेवकाचा दाखला (१८:२१-३५) आपण वारंवार सांगतो. परंतु त्यातील रकमांकडे पुरेसे लक्ष देत नाही. राजाचे येणे दहा हजार तालांत होते. एका तालांताचे सुमारे सहा हजार दिनार होत, आणि एक दिनार ही शेतमजुराची दिवसाची मजुरी. म्हणजे एकूण ऋण सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे. वर्षाकाठी तीनशे दिवस काम मिळते असे धरले तर दोन लाख वर्षांची मजुरी होते. सेवक म्हणतो, मला वेळ द्या, मी सर्व फेडीन. हे वाक्य ऐकून श्रोत्यांना हसू आले असले पाहिजे. ते ऋण फेडण्याजोगे नव्हतेच. राजाने सेवकाच्या फेडीची वाट पाहिली असती तर त्याची सुटका कधीच झाली नसती.

सोबतीच्या सेवकाचे ऋण शंभर दिनारांचे होते. पुष्कळ उपदेशक ही रक्कम 'क्षुल्लक' म्हणून सांगतात. आम्हीही अनेक वर्षे तसेच सांगत आलो. परंतु शंभर दिनार म्हणजे एका मजुराची साडेतीन-चार महिन्यांची कमाई होय. हातावर पोट असणाऱ्यास तेवढ्या रकमेने एक अख्खा हंगाम बुडतो. प्रभूने रक्कम मुद्दाम अशी निवडली आहे. आपल्यावर झालेला अन्याय खोटा किंवा किरकोळ आहे असे प्रभू कोठेही म्हणत नाही. शंभर दिनार खरोखर बुडालेले आहेत. फक्त ते ज्याचे बुडाले, त्यास स्वतःला सहा कोटींची सूट मिळालेली आहे. यास्तव एखाद्या दुखावलेल्या मनुष्यास क्षमेचा उपदेश करताना "एवढेसे काय धरून बसला आहात" असे कदापि म्हणू नये. त्याचे नुकसान खरे आहे हे आधी मान्य करावे, आणि मग राजाच्या दरबाराची आठवण द्यावी.

३. प्रभूच्या वागण्यातील क्रम

व्यभिचाराच्या आरोपाखाली आणलेल्या स्त्रीच्या प्रसंगात (योहान ८:१-११) प्रभू दोन गोष्टी बोलतो: आपण तिला दोषी ठरवत नाही, आणि तिने पुन्हा पाप करू नये. या दोन वाक्यांपैकी एकच सांगणारे उपदेशक आपल्यात पुष्कळ आहेत. कोणी केवळ पहिले सांगतो व प्रभूस सवलती देणारा भला गृहस्थ बनवतो. कोणी दुसऱ्यावरच भर देतो व प्रभूस पंचायतीचा सरपंच बनवतो. दोन्ही वाक्ये हवीत, आणि याच क्रमाने हवीत. पाप करू नकोस ही आज्ञा त्या स्त्रीस तेव्हा मिळते जेव्हा दगड खाली पडलेले असतात व तिचा जीव वाचलेला असतो. मरणाच्या छायेत उभे असलेल्यास नीतीचा उपदेश ऐकू येत नाही.

जक्कयाच्या घरीही तेच घडले (लूक १९:१-१०). प्रभूने त्याच्याकडून आधी कबुलीजबाब घेतला नाही, हिशेबाची वही मागितली नाही. तो त्याच्या घरी गेला. त्यानंतर जक्कय उठून उभा राहिला आणि म्हणाला, की अर्धे धन गरिबांस देतो व ज्यास लुबाडले त्यास चौपट परत करतो. चोरलेल्या मेंढराबद्दल चार मेंढरे द्यावीत असा नियमशास्त्राचा दंडक होता (निर्गम २२:१). जक्कयाने तोच दंडक स्वतःस लावून घेतला, आणि तोही कोणी न सांगता. क्षमेने नीती सैल झाली असे येथे दिसत नाही. उलट, ज्या नियमाची सक्ती कोणी त्याच्यावर केली नव्हती तो नियम तो आनंदाने पाळू लागला.

४. नर्मदेपलीकडील एक साक्ष

हा केवळ ग्रंथातील विचार नव्हे. आपल्याच मध्य प्रदेशात, नर्मदेच्या उत्तरेस देवास जिल्ह्यातील उदयनगर येथे याची साक्ष घडली आहे. बऱ्हाणपूर ज्यात मोडते तो खांडवा धर्मप्रांत १९७७ मध्ये इंदूर धर्मप्रांतातून वेगळा झाला. उदयनगर त्याच इंदूर धर्मप्रांतात आहे. म्हणजे ही घटना आपल्या मायघरातली म्हणावयास हरकत नाही.

सिस्टर रानी मारिया वट्टालिल या केरळातील पुल्लुवळी येथे १९५४ साली जन्मल्या. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या भगिनी म्हणून त्यांनी उत्तर भारतात बिजनौर येथे व पुढे मध्य प्रदेशात ओडगी येथे सेवा केली. १९९२ मध्ये त्या उदयनगरला आल्या. तेथील आदिवासी शेतमजुरांना सावकारी पाशातून सोडवणे, सरकारी योजनांची व बँकेच्या कर्जाची माहिती देणे, त्यांना आपापसांत बचत करावयास शिकवणे, हे त्यांचे काम होते. ज्यांचा व्यवहार त्या मजुरांच्या अडाणीपणावर चालत होता त्यांना हे रुचले नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये, इतर प्रवाशांच्या देखत, समुंदर सिंग नावाच्या तरुणाने त्यांना भोसकून ठार मारले. त्यांच्या अंगावर पन्नासहून अधिक जखमा होत्या. समुंदर सिंगास जन्मठेपेची शिक्षा झाली.

तुरुंगात समुंदर सिंगाच्या मनात काय चालले होते हे त्याने पुढे स्वतः सांगितले आहे. ज्यांनी आपणास या कृत्यास प्रवृत्त केले त्यांचा सूड घ्यावयाचा, हाच विचार तो करीत होता. म्हणजे शिक्षेने त्याचे हात बांधले होते. मन बांधले नव्हते. स्वामी सदानंद या नावाने ओळखले जाणारे एक धर्मगुरू त्यास तुरुंगात भेटू लागले. मग २००२ च्या ऑगस्टमध्ये, रक्षाबंधनाच्या सणानिमित्त, सिस्टर रानी मारिया यांच्या धाकट्या भगिनी सिस्टर सेल्मी पॉल इंदूरच्या तुरुंगात गेल्या व त्यांनी समुंदर सिंगाच्या मनगटावर राखी बांधली. ज्याने बहीण मारली त्यास त्यांनी भाऊ केले. पुढे त्यांच्या मातोश्री एलिस्वा यांनीही त्याची भेट घेतली व ज्या हातांनी आपल्या मुलीचा जीव घेतला त्या हातांचे चुंबन घेतले. त्याच्या सुटकेच्या अर्जास भगिनींनी पाठिंबा दिला आणि २००६ मध्ये, सुमारे अकरा वर्षांच्या कारावासानंतर, तो सुटला. तो केरळात जाऊन रानी मारियांच्या आईवडिलांना भेटला; उदयनगरच्या समाधीस तो जात असतो. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे सिस्टर रानी मारिया यांना 'धन्य' म्हणून घोषित करण्यात आले, तेव्हा त्या जनसमुदायात समुंदर सिंगही होता.

या घटनेतून आपणास तीन गोष्टी शिकावयाच्या आहेत. पहिली: क्षमा अन्याय झालेल्यांनी केली. बहिणीने केली, आईने केली. इतर कोणी त्यांच्या वतीने ती वाटून टाकली नाही. दुसरी: क्षमेने शिक्षा पुसली नाही. न्यायालयाचा निर्णय झाला, तुरुंगवास झाला, आणि सुटकादेखील कायद्याच्या मार्गाने झाली. तिसरी व आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची: सूड घेण्याचा संकल्प ज्याने तुरुंगात जतन केला होता, त्याने तो क्षमा मिळाल्यावर सोडला. समुंदर सिंगाने सुटल्यानंतर कोणाचा जीव घेतला नाही. एका राखीने एक खून टळला असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही. शुद्ध जीवन क्षमेतून उगवते ते असे.

५. स्वतःस 'शुद्ध' म्हणविणारे

ख्रिस्तसभेच्या इतिहासात हा प्रश्न फार लवकर उपस्थित झाला. इ. स. २५० मध्ये सम्राट डेसियसच्या आज्ञेने सर्वांस देवतांपुढे यज्ञ करण्याची सक्ती झाली. अनेक ख्रिस्ती लोकांनी मरणभयाने यज्ञ केला, किंवा केल्याचे दाखले विकत घेतले. छळ ओसरल्यावर हे लोक रडत परत आले. त्यांना घ्यावे की नाही? रोममधील नोव्हाशियन हा विद्वान धर्मगुरू व त्याचे अनुयायी म्हणाले, की घेऊ नये. ख्रिस्तसभा पवित्र आहे, तिच्यात डाग नको. २५१ साली तो रोमच्या बिशपाविरुद्ध प्रतिस्पर्धी बिशप म्हणून उभा राहिला आणि त्याचा पंथ वेगळा झाला. या पंथाचे लोक स्वतःस 'कथारोई' म्हणजे 'शुद्ध' असे म्हणवीत.

कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी पतितांना दार बंद केले नाही, तसेच कसलीही चौकशी न करता लगेच पंगतीसही बसवले नाही. प्रत्येकाची परिस्थिती पाहून प्रायश्चित्ताचा काळ ठरवून दिला. परंतु पुन्हा छळ येण्याची चिन्हे दिसताच सर्व पश्चात्तापी जनांना ख्रिस्तसभेच्या शांतीत सामावून घेतले, कारण सत्त्वपरीक्षेस सामोरे जाणाऱ्यास बळ लागते व ते ख्रिस्ताच्या भोजनाखेरीज मिळत नाही. पुढे ३२५ साली निकिया येथील महासभेने आठव्या नियमान्वये असे ठरवले, की कथारोई पंथाचे जे धर्माधिकारी परत येऊ इच्छितात त्यांनी छळकाळात पतन पावलेल्यांशी सहभागिता ठेवू, असे लेखी द्यावे. म्हणजे परतणाऱ्या 'शुद्ध' लोकांपुढे महासभेने ठेवलेल्या अटींत पापी मनुष्याच्या शेजारी बसण्याची तयारी ही एक अट होती.

आमच्या सभेत ज्या कुटुंबांनी दोन-चार वर्षांची अट घातली होती, ती वाईट कुटुंबे नव्हेत. नोव्हाशियनही वाईट मनुष्य नव्हता. परंतु मंडळीची शुद्धता टिकवण्याच्या ओढीने आपण नकळत त्याच्या वाटेस लागतो, हे धर्मगुरू व धर्मशिक्षकांनी ओळखले पाहिजे.

६. जी क्षमा नव्हे

आता दुसरी बाजू. येथे आम्हांस आमचाच एक अपराध सांगणे प्राप्त आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी एक स्त्री आमच्याकडे आली. तिचा नवरा दारू पिऊन तिला मारहाण करीत असे. ती माहेरी निघून आली होती व परत जावे की नाही हे विचारीत होती. आम्ही त्या वेळी तरुण होतो आणि शास्त्रवचनांचा साठा आमच्यापाशी भरपूर होता. आम्ही तिला सत्तर वेळा सातची आठवण दिली, वधस्तंभावरील प्रभूच्या प्रार्थनेची आठवण दिली आणि परत पाठवले. महिना उलटण्याच्या आत ती हात मोडून दवाखान्यात पडली. आम्ही तिला भेटावयास गेलो तेव्हा ती आम्हांस काही बोलली नाही. तिने तोंड भिंतीकडे फिरवले. पुढे कितीतरी दिवसांनी आम्ही तिच्या घरी जाऊन तिची क्षमा मागितली. ती दिली की नाही हे तिने सांगितले नाही, आणि आम्ही विचारले नाही. विचारण्याचा अधिकार आमचा नव्हता.

त्या प्रसंगापासून आम्ही शिकलो ते येथे मांडतो.

क्षमा करणे म्हणजे झालेले झाले नाही असे मानणे नव्हे. ज्या अठराव्या अध्यायात सत्तर वेळा सातचे वचन आहे, त्याच अध्यायात त्याच्या आधी बंधूस त्याचा अपराध तोंडावर सांगण्याची, साक्षीदार घेऊन जाण्याची व अखेरीस मंडळीपुढे आणण्याची आज्ञा आहे (१८:१५-१७). दुसरा भाग सांगून पहिला गाळणे म्हणजे प्रभूची शिकवण अर्धी करणे होय.

क्षमा करणे म्हणजे मार खाण्यासाठी परत जाणे नव्हे. स्त्री मनातून नवऱ्याचा द्वेष सोडू शकते आणि तरीही माहेरी राहू शकते, पोलीस ठाण्यात जाऊ शकते, २००५ च्या घरगुती हिंसाचारविषयक कायद्याचा आश्रय घेऊ शकते. क्षमेस एक मनुष्य पुरतो. समेटास दोन लागतात, आणि दुसऱ्याने मार्ग बदलल्याचे दिसल्यावाचून समेटाची घाई करू नये.

क्षमा म्हणजे गुन्हा झाकणे नव्हे. बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर २०१२ च्या कायद्याने माहिती देणे बंधनकारक केले आहे. परमगुरू फ्रान्सिस यांनीही २०१९ साली धर्मगुरू व धर्मबंधुभगिनींवर अशा अत्याचारांची माहिती धर्माधिकाऱ्यांस कळवण्याचे बंधन घातले. ख्रिस्तसभेचे नाव राखण्यासाठी पीडिताच्या तोंडावर क्षमेचा हात ठेवणे हे पाप आहे, आणि जगभर आपल्या ख्रिस्तसभेने ते केले आहे.

शेवटी, दुसऱ्याच्या वतीने क्षमा करणे आपल्या हाती नाही. धर्मगुरू ख्रिस्ताच्या नावे पापमुक्ती उच्चारतो. तो ज्याचे डोके फुटले त्याच्या वतीने बोलत नसतो. म्हणूनच वेदीवर अर्पण ठेवून आधी बंधूकडे जावे असे प्रभूने सांगितले (मत्तय ५:२३-२४).

७. क्षमा पावलेल्याचे जीवन

तर मग शुद्ध जीवन म्हणजे काय? बऱ्हाणपूरच्या वाचकांस कुंडी भंडारा ठाऊक आहेच. इतरांसाठी थोडे सांगतो. १६१५ च्या सुमारास, जहांगीर बादशहाच्या कारकिर्दीत, अब्दुर रहीम खानखाना यांनी या शहरासाठी पाण्याची एक अजब योजना करवून घेतली. सातपुड्याच्या डोंगरांतून भूगर्भातून तापीकडे झिरपत येणारे पाणी वाटेतच अडवून एका भुयारी मार्गाने शहराकडे आणले. शंभरावर कुंड्या एकमेकींस जोडल्या आहेत. कोठेही यंत्र नाही. पाणी केवळ उताराने वाहते. परंतु या पाण्यात चुन्याचा अंश आहे. भुयाराच्या भिंतींवर त्याचे थर चढत जातात, आणि वेळोवेळी ते काढले नाहीत तर मार्ग अरुंद होत जातो.

भुयार स्वच्छ आहे म्हणून डोंगरातून पाणी येत नाही. पाणी डोंगराचे आहे. तथापि भुयार बुजले तर शहरास ते पोहोचत नाही. आपल्या आचरणाचे तसेच आहे. आपल्या चांगुलपणाने देवाची कृपा निर्माण होत नाही. परंतु खोटेपणा, मत्सर, वासना, पैशाचा लोभ यांचे थर आपण साचू दिले, तर आपल्यामार्फत ती कोणास मिळत नाही. प्रथम आपल्या घरच्यांस मिळत नाही. नित्य आत्मपरीक्षण, प्रायश्चित्त संस्कार, दानधर्म व उपवास ही थर काढण्याची साधने होत. संत पौलाने रोमकरांस विचारले होते, की कृपा वाढावी म्हणून पापात राहावे काय (रोम ६:१). ज्यास पाण्याची किंमत कळली तो भुयार बुजवणार नाही, हे त्याचे उत्तर.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत याचे एक थोर उदाहरण आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या व उपासमारीने व्याकूळ झालेल्या शेकडो मुलींना व स्त्रियांना केडगावला घेऊन गेल्या. त्या काळी आपला निमाड याच मध्य प्रांतात मोडत असे. पुढे कुमार्गास लावल्या गेलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी जे घर उघडले त्याचे नाव 'कृपासदन' ठेवले. त्याला सुधारगृह म्हणता आले असते; परंतु त्या घरात शिरणारीस पहिला शब्द ऐकू यावा तो कृपेचा, हे बाईंना ठाऊक होते. मग त्या घरात प्रार्थना होती, शिक्षण होते, कष्ट होते, शिस्तही होती. कृपा पाटीवर होती आणि शिस्त दाराच्या आत होती.

८. धर्मशिक्षकांस काही सूचना

तुरुंगातून, व्यसनातून किंवा बदनामीतून परतणारा मनुष्य उपासनेस आला, तर धर्मशिक्षकाने स्वतः उठून त्याच्याजवळ बसावे. लोकांस समजावण्याची भाषणे नंतर करावीत.

ज्याच्यावर अन्याय झाला त्या घरी आधी जावे, अपराध्याच्या घरी नंतर. क्षमा करा असे म्हणण्यासाठी जाऊ नये, ऐकण्यासाठी जावे. त्यांनी वेळ मागितला तर द्यावा. सिस्टर रानी मारिया यांच्या हत्येपासून राखीपर्यंत सात वर्षांहून अधिक काळ गेला.

अपराध्यास नुकसानभरपाईचा मार्ग दाखवावा. बांध मोडला असेल तर बांध घालावा, दवाखान्याचा खर्च झाला असेल तर हप्त्याने द्यावा. पश्चात्ताप हातांतून दिसला पाहिजे.

मुलांच्या वर्गात क्षमा व न्याय हे दोन्ही विषय एकाच आठवड्यात शिकवावेत. त्यांच्यात वर्षाचे अंतर पडले तर मुले एक शिकतात व दुसरे विसरतात.

आणि आपण स्वतः प्रायश्चित्त संस्कारास नियमाने जावे. ज्यास स्वतःचे सहा कोटी आठवत नाहीत त्याच्या तोंडून शंभर दिनारांची क्षमा शोभत नाही.

उपसंहार

ज्या धर्मशिक्षकाने प्रश्न विचारला त्यास आमचे उत्तर असे: त्या मनुष्यास पंगतीस बसवा, चांगला झाला म्हणून नव्हे, चांगला व्हावा म्हणून. परंतु त्याने ज्यास जखमी केले त्या शेजाऱ्याच्या अंगणात त्यास एकट्याने जाऊ द्या, आणि शेजाऱ्याने दार उघडले नाही तर त्यास दोष देऊ नका. तोवर दोघांसाठी प्रार्थना करा, दोघांच्याही घरी जात राहा. मुले विचारतील, की गुन्हा केला तरी चालते काय? त्यांस सांगा, चालत नाही. म्हणूनच तर क्षमा लागते.

आम्ही ज्या पाकिटात हा लेख पाठवीत आहोत त्यातच त्या धर्मशिक्षकाचे अलीकडचे पत्र ठेवावे असे मनात होते, पण ते खाजगी आहे. एवढेच सांगतो, की तो मनुष्य आता दाराजवळ बसत नाही. शेजाऱ्याचे दार मात्र अजून उघडलेले नाही. आपण सर्वांनी त्या दारासाठी प्रार्थना करावी.